द्वादशीचा उपास

संपादकमहाशयांनी मला विचारलंय की एकामागून एक माणसं मारत जाणारा माणूस घडतो कसा, त्याच्या मनात असतं काय. मला ठाऊक नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उत्तरच हवंय त्यांनी खुशाल पान उलटून पुढची गोष्ट वाचावी. धार आणि देवासच्या मुलखात ठाणेदारी करण्यात माझं आयुष्य गेलं. असा माणूस मी एकच पाहिला. त्याच्याबद्दल आजवर इतक्या शहाण्यांनी इतकं काही मला ऐकवलंय की आता माझी पाळी.

बाकीचे खुनी मला समजायचे. बदनावरकडचा एक शेतकरी भर दुपारी कुऱ्हाड खांद्यावर टाकून ठाण्यात आला, ती भिंतीला टेकवली, प्यायला पाणी मागितलं आणि म्हणाला, "काका को मार के आया हूँ, साब." बांधाचं भांडण होतं, आजोबांपासून चाललेलं. अशा खुनात पोलिसाला काही अक्कल लावावी लागत नाही. पंचनामा करा, पंचांचे अंगठे घ्या आणि त्याच्यासाठी घरून भाकरी येते का ते बघा. आमच्याजवळ तरी कुठं काय होतं? ना फोटो, ना ठसे. पावलं ओळखणारा एक म्हातारा पगी, आणि पोटातलं विष कळावं म्हणून बरणी भरून मुंबईला पाठवायची आणि तिथल्या उत्तराची वाट बघायची. उत्तर यायच्या आत लोकांनी आपला आरोपी ठरवलेला असायचा.

तर बदनावरच्या रस्त्यावर, आमच्या हद्दीत, एक जुनी बावडी आहे. पायऱ्यांची विहीर, वर दोन चिंचा. गाड्या दुपारी तिथं सुटायच्या. त्या वर्षी थंडीत एक निरोप आला की बावडीपाशी नवरा-बायको मरून पडलीत. मी रामसिंग हवालदाराला घेऊन पोचलो. उज्जैनीची यात्रा करून निघालेलं वयस्क ब्राह्मण जोडपं होतं. बाईची बोटं लुगड्याच्या काठात अडकलेली. ज्यांनी धोतऱ्याचं विष पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. जीभ कोरडी पडते, डोळ्यांची बुबुळं मोठी होतात आणि माणूस कपड्यातून, हवेतून नसलेले धागे वेचत बसतो.

त्यांच्या पत्रावळी तशाच मांडलेल्या होत्या. आणि पत्रावळींभोवती रांगोळी होती. साधी दोन रेघांची महिरप, चारी कोपऱ्यांत गोपद्मं, नीट हातानं काढलेली. मी ती बघत उकिडवा बसून राहिलो. पानाभोवती रांगोळी कोण काढतं? माळव्यात हिंदुस्थानी महाराज, म्हणजे रांधणारे ब्राह्मण, पुष्कळ आहेत, तेही चूल सारवून, सोवळं नेसून रांधतात, पण पान मांडताना महिरप काढायची ती आपल्याच मराठी लोकांची रीत. शे-दीडशे वर्षांपूर्वी आपले लोक दरबाराबरोबर घाट चढून आले, तेव्हा ती बरोबर आणली. म्हणजे हे पान आपल्यातल्याच कुणीतरी वाढलेलं.

तेवढ्यात आमचे वरिष्ठ साहेब टांग्यातून उतरले. नाव घेत नाही. त्यांची नातवंडं आज चांगल्या जागांवर आहेत. मी म्हटलं, "साहेब, ही रांगोळी पाहिलीत?"

साहेबांनी पाहिली. नीट पाहिली. ते स्वतः आपल्यातलेच, रोज घरी अशाच महिरपीत जेवायचे. मग पानाच्या पलीकडे जायचं म्हणून त्यांनी पाय टाकला तो बरोबर रांगोळीवर, आणि जोडा घासत पुढे गेले. "पालवाले कुठे उतरलेत इथे जवळपास?" एवढंच विचारलं.

पालवाले म्हणजे कापडाची पालं ठोकून आज इथं, उद्या तिथं राहणारे, जडीबुटी विकणारे लोक. मैलभरावर त्यांची चारदोन पालं होती. त्यातल्या भेरू नावाच्या माणसाच्या झोळीत धोतऱ्याची बोंडं सापडली. सापडणारच. तो दम्याला धोतऱ्याच्या पानांची विडी देत असे. बदनावरचा निम्मा बाजार त्याच्याकडून ती नेत असे. आमच्या ठाण्यातले दोन शिपाईसुद्धा नेत. पण साहेबांना तेवढं पुरलं. "यांची जातच तशी," म्हणाले. "बापजाद्यांपासून हेच करत आलेत. रक्तात असतं." असं म्हटलं की पुढं काही शोधायला नको. भेरूच्या हातात बेड्या पडल्या.

भेरूची बायको गंगी. ती ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसली ती उठेचना. रडत नव्हती, शिव्या देत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची. मी बाहेर आलो तेव्हा मलाही विचारली.

"साब, बामण म्हाका हात को पाणी भी नी पीवे. तो रोटी कसतरे खायगा?"

आमच्या हातचं पाणीसुद्धा न पिणारा ब्राह्मण आमच्या हातची भाकरी कशी खाईल? संपलं. सगळा खटला त्या बाईनं एका वाक्यात निकालात काढला. आणि यात शोध तो काय होता? ठाण्यातल्या झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. त्या जोडप्याच्या सोवळ्यात भेरूची सावली पडली असती तरी त्यांनी स्नान केलं असतं. कुणाच्या हातचं कुणाला चालतं हे तर आपल्याकडे पोराला बोलायच्या आधी कळतं. नेमकं तेच त्या दिवसांत सगळे विसरले. ठरवून विसरले, असं मी म्हणतो, आणि कुणाला राग आला तर येऊ द्या.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, वाढणारा ब्राह्मण आहे. आपल्यातला आचारी आहे."

"ठाणेदार, तुम्ही कुणाच्या घरचं अन्न खाता?"

"दरबारचं."

"मग दरबारच्या लोकांवर चिखल उडवू नका. उद्या सरदारांच्या मुदपाकखान्यात आचारी ठेवायला लोक घाबरतील. एजन्सीतले गोरे साहेब हसतील आपल्याला. एका फिरस्त्यासाठी?"

"तो फासावर जाईल, साहेब."

"आज नाही तर उद्या दुसऱ्या कशासाठी गेलाच असता," साहेब म्हणाले आणि पानाचा डबा उघडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चाकरी म्हणजे चाकरी. मी सलाम करून बाहेर आलो.

पुढच्या महिन्यात तसंच दुसरं प्रकरण झालं, बागलीच्या बाजूला, नर्मदेकडे जाणाऱ्या वाटेवर. रतलामकडचे एक कापडवाले शेठ आणि त्यांचा भाऊ ओंकारेश्वराला निघाले होते. भाऊ गेला, शेठ वाचले. भेरू तेव्हा आमच्या कोठडीत होता, माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, सुटला गरीब. साहेब म्हणाले, "टोळी असते त्यांची. आणि बागली आपल्या हद्दीत नाही, तुम्ही त्यात नाक खुपसू नका." भेरूचा खटला होळीनंतर उभा राहणार होता. त्याचा शेवट काय होणार, हे गावात पानपट्टीवालासुद्धा सांगत होता.

मी नाक खुपसलं. रजेच्या दिवशी टांगा करून शेठना गाठलं. ते अजून अंथरुणावर होते, उजेड सहन होत नव्हता. म्हणाले, "भिया, महाराज देवमाणूस हो! देवासच्या धर्मशाळेत भेटला, माताजीच्या टेकडीखाली. काय शुद्ध, काय सोवळा. आम्हाला वाढलं, आणि स्वतः पाण्याचा थेंबसुद्धा नाही घेतला. उपास होता त्याचा. तो आमच्याबरोबर जेवला असता तर तोही बिचारा गेला असता. कुठे पळाला घाबरून कोण जाणे."

घरी आल्यावर मी हे आमच्या कुटुंबाला सांगत होतो. माझी बायको धारची, किल्ल्याखालच्या आळीतली. शाळेत गेली नाही, पण सणवार, तिथी, पारणी, सोयर-सुतक यांत तिच्यापुढे भटजी गप्प बसत. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उज्जैनीकडच्या त्या जोडप्याचा गाडीवान काय म्हणाला होता?"

खरंच की! गाडीवान त्या दिवशी बैलाला नाल ठोकून घ्यायला गावात गेला म्हणून वाचला होता. तोही म्हणाला होता, महाराजांचा उपास होता. आम्ही ते ऐकलं आणि सोडून दिलं होतं; साहेबांनी तर महाराज घाबरून पळाला असेल म्हणून त्याची जबानीच लिहून घेतली नव्हती.

"हा सोमवार करतो का शनिवार?" ती म्हणाली. "जोडपं गेलं बुधवारी, शेठचा भाऊ गेला रविवारी. अहो, लोकांना वाढायच्याच दिवशी ह्याला बरा उपास येतो!"

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. आचारी मागून जेवतो, ही रीतच आहे. म्हणून तो जेवला नाही याचं कुणाला काही वाटत नाही. आणि उपास म्हटलं की आपण वर हातच जोडतो. यापरतं दुसरं काय हवं होतं त्याला?

होळीच्या आधी मी रजा मागितली, लेकीच्या सासरी जायचं म्हणून. देवासला गेलो. ज्यांनी देवास पाहिलं नाही त्यांना सांगतो: एक गाव, दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. दोघांचे शिपाई वेगळे, दोघांची कचेरी वेगळी. आमचा माणूस एका पातीत राहत होता आणि त्याची थोरली बहीण समोर, दुसऱ्या पातीत. एका बाजूचा शिपाई दारात दिसला की हा समोर बहिणीकडे ताक आणायला जायचा. गुन्हा तर त्यानं देवासात कधीच केला नव्हता. त्याला पकडायचा अधिकार असलाच तर आमच्या हद्दीत होता, आणि तोही त्याला तिथं काही करताना पाहिलं तर.

त्याचं नाव गोपाळभट. हे नाव खरं नाही. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून तो खलबत्त्यात सुंठ कुटत होता. गोरा, गोल चेहऱ्याचा, कानावर पांढरे केस, बोलणं इतकं गोड की बायका त्याच्याकडे लोणच्याचं प्रमाण विचारायला येत. मी बागलीकडच्या एका जागिरीचा कामदार, म्हणजे कारभारी, आहे, मंडळीसह बदनावरला लेकीकडे निघालोय, वाटेत रांधायला कुणी ब्राह्मण मिळेल का, असं मी विचारलं.

"बाईसाहेब बरोबर आहेत?" त्यानं विचारलं.

"आहेत."

"मग येतो," म्हणाला. मला घाम फुटला.

बायकोला बरोबर आणायला मी आधी तयार नव्हतो. ती ऐकेना. "एकट्या पुरुषामागे तो येणार नाही. आणि मी नसले तर तुम्हाला तिथी कोण सांगणार?" दिवस तिनंच निवडला होता. एकादशीला रस्त्यात असायचं आणि द्वादशीच्या दुपारी त्या बावडीवर पोचायचं. का, ते मला विचारू नका म्हणाली. मी विचारलं. तिनं सांगितलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. रामसिंगला निरोप धाडला की दोन शिपाई घेऊन बावडीच्या पायऱ्यांवर खाली बसून राहा, साध्या कपड्यात, म्हशी धुणाऱ्यांसारखे.

एकादशीला गोपाळभटानं आम्हाला रताळी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ करून वाढलं. स्वतःही आमच्यासमोर तेच खाल्लं, मनापासून. इतकं चवदार केलं होतं की मला माझीच लाज वाटायला लागली. माणूस भला दिसतो, आपण उगाच संशय घेतो असं वाटायला लागलं. बायको मात्र गाडीत पुटपुटली, "आज जेवला. लक्षात ठेवा हं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बावडीवर गाडी सुटली. त्यानं आंघोळ केली, चूल मांडली. वरण-भात, भोपळ्याची भाजी, शिरा. मग कमरेच्या पिशवीतून रांगोळी काढली आणि दोन पत्रावळींभोवती महिरप घातली. दोन रेघा, चारी कोपऱ्यांत गोपद्मं. साहेबांनी जिच्यावर जोडा घासला तीच. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

दोनच पानं. बायकोनं विचारलं, "भटजी, तुमचं पान?"

"माझा आज उपास आहे, बाईसाहेब."

"द्वादशीला?" ती म्हणाली.

तो भात वाढत होता. पळी तिथंच थांबली.

"काल एकादशी आपण बरोबर केली," ती म्हणाली. "आज पारणं. एकादशी करणाऱ्यानं द्वादशीला जेवायचं असतं, नाहीतर केलेली फुकट. हे मी तुम्हाला सांगायचं का, भटजी?"

"नवसाचा आहे."

"कुठल्या देवाचा? द्वादशीला उपाशी राहा म्हणणारा देव मला तरी ठाऊक नाही." आणि तिनं आपलं पान त्याच्याकडे सरकवलं. "बसा. ब्राह्मणानं पारणं केल्याशिवाय मी घास घेणार नाही. माझाही नवस आहे म्हणा."

तो बसला. हे मी आजही विसरलो नाही. मांडी घालून बसला, पानाभोवती पाणी फिरवलं, पानाच्या उजव्या हाताला चित्राहुती घातल्या, एकही चुकली नाही. भातावर वरण कालवलं. घास केला. आणि त्याचा हात भातातच राहिला. आम्ही दोघं बघत होतो. त्यानं मान वर केली आणि बायकोकडे पाहून हसला, खाष्ट गिऱ्हाईक भेटल्यावर दुकानदार हसतो तसा. "बाईसाहेब, तुम्ही फार बारीक बघता," म्हणाला.

मी रामसिंगला हाक मारली.

पान, पातेलं, सगळं मोहोर लावून मुंबईला गेलं. उत्तर आलं ते काय आलं असेल हे सांगायला नको. साहेब मला म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, यात काहीतरी पाणी मुरतंय." त्यांचा सत्कार झाला. माझी बदली धामनोदकडच्या एका चौकीवर झाली, जिथं डास सोडून कुणी ओळखीचं नव्हतं. त्याचं मला काही नाही. मला त्या दुपारचं समाधान पुरतं, आणि ते माझ्यापेक्षा माझ्या बायकोचं जास्त आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्यानं हे का केलं? सगळ्यांनी त्याला विचारलं. साहेबांना त्यानं सांगितलं, पोटासाठी. पण मेलेल्यांच्या अंगावरचं निम्मं सोनं तो तसंच सोडून गेला होता. एक शास्त्रीबुवा आले, त्यांना म्हणाला पूर्वजन्मीचं कर्म. दवाखान्यातल्या डॉक्टरांना म्हणाला डोक्यात घण पडतात. इंदूरहून एक वर्तमानपत्रवाले आले, त्यांना सावत्र आईनं उलथन्याचे चटके दिल्याची अशी काही हकीकत सांगितली की त्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि ती छापली. ती वाचून अजून लोक मला सांगतात, बिचाऱ्याचं बालपण!

मी देवासला त्याच्या बहिणीकडे गेलो. आक्का म्हणतात तिला. दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"सावत्र आई? आमची आई त्याला चांगलं मिसरूड फुटेपर्यंत जिवंत होती. आधी त्याला भरवायची, मग आम्हा बहिणींना मिळायचं. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण तुम्ही लिहा, लिहा की आम्ही त्याला छळलं. म्हणजे तुमची सोय होते आणि आमच्या दारावर लोक थुंकतात." असं म्हणून तिनं दार लावलं. तिचा राग मला पटला.

मीही त्याला विचारलं होतं, नाही असं नाही. कोठडीच्या गजांबाहेर बसून. तो हळू आवाजात म्हणाला, "ठाणेदारसाहेब, जेवणारा माणूस वर बघत नाही. जन्मभर वाढलं, कुणी माझं तोंड पाहिलं नाही. विष चढलं की मात्र बघतात. माझ्याचकडे बघतात."

माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, हे खरं. हेच ते. कित्येक दिवस मी ते उराशी धरून हिंडलो. मग शेठकडे गेलो, त्यांना साक्षीला बोलवायचं होतं. सहज विचारलं, तुम्ही महाराजांकडे पाहिलं होतं का हो, काही बोलला होता का? शेठ म्हणाले, "अरे भिया, मी तर त्याच्या पाया पडलो होतो! म्हटलं, महाराज, असं जेवण जन्मात जेवलो नाही. माझ्या भावानं तर त्याला शेजारी बसवून त्याच्या घरची विचारपूस केली."

मी परत कोठडीपाशी गेलो आणि हे त्याला सांगितलं. गोपाळभट जराही ओशाळला नाही. म्हणाला, "हे नाही रुचलं? बरं. दुसरं करून वाढतो. कसं हवं, सांगा."

तेव्हा मी उठलो. ज्याला जे आवडतं ते तो वाढत होता, बाकी काही नाही. आणि आम्ही सगळे पुन्हा पान मांडून त्याच्यासमोर बसलो होतो. त्याचं कारण त्याच्याजवळ असेल तर ते त्यानं फासावर बरोबर नेलं. नेऊ दे. मला ते नको.

आणि मला एक सांगा. गरिबी, मारहाण, हाडहूड, ही जी कारणं तुम्ही लोक मासिकांतून लिहिता, ती सगळी कुणाकडे होती? भेरूकडे होती! त्याच्या बापाला कुठल्याशा चौकीवर इतका मारला की तो उठला नाही. त्याचं एक पोर तापात रस्त्यावर गेलं, कारण गावात कुणी पाणी दिलं नाही. कोठडीत त्याची पाठ शिपायांनी फोडली, मी थांबवीपर्यंत फोडली. या माणसानं कुणाला मारलं? तो दम्याच्या विड्या वळत होता. गोपाळभटाच्या बालपणावर लेख लिहून झाले. भेरूचं बालपण मला आजतागायत एकानंही विचारलेलं नाही. संपादकमहाशय, तुम्हीही नाही.

भेरू सुटला तो दिवस सांगतो आणि थांबतो. साहेबांनी त्याला असाच सोडून द्यायला सांगितलं होतं, मागच्या दारानं. मी त्याला पुढच्या दारानं काढलं आणि रामसिंगला घेऊन त्याच्याबरोबर पालापर्यंत चालत गेलो, भर बाजारातून. दुकानदार उठून बघत होते. बघू देत म्हटलं.

गंगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पालात गेली आणि पितळेच्या लोट्यात पाणी घेऊन बाहेर आली. भेरूला दिलं. उरलेलं हातात धरून माझ्याकडे पाहिलं. उन्हातून आलो होतो, माझ्या घशाला कोरड पडली होती, ते तिला दिसत होतं. पण विचारायचं कसं?

"ला," मी म्हटलं.

"साब, पाछे लोग देखी रिया हे," ती म्हणाली. मागे लोक बघतायत.

"म्हणूनच दे," मी म्हटलं, आणि लोटा घेऊन सगळं पाणी प्यालो. रामसिंग आधी चाचरला, मग त्यानंही मागितलं.

माझ्या आधी बातमी घरी पोचली. शेजारच्या काकू सांगून गेल्या होत्या की ठाणेदारांना आता प्रायश्चित्ताशिवाय पंक्तीला घेणार नाहीत. आणि खरंच, पुढे कित्येक लग्नांत मला वेगळं पान मांडलं गेलं. प्रायश्चित्त मी घेतलं नाही. आजही घेणार नाही.

बायको चुलीपाशी होती. "पाणी प्यालात म्हणे."

"प्यालो."

"कसं होतं?"

"गार."

तिनं माझं पान मांडलं. मग फडताळातून दुसरं ताट काढलं आणि माझ्या शेजारी स्वतःचं मांडलं. लग्न झाल्यापासून ती माझ्यानंतर जेवत आली होती, आमच्यातल्या सगळ्याच बायका तशा जेवतात. मी तिच्याकडे पाहिलं.

"मागून जेवणाऱ्याला काहीही कालवता येतं, हे तुम्ही पाहिलंत ना?" ती म्हणाली. "आजपासून या घरात रांधणारी बरोबर बसेल. सरका जरा."

मी सरकलो. तिनं एकाच पातेल्यातला भात आधी स्वतःच्या ताटात वाढला, मग माझ्या. आम्ही दोघं जेवायला लागलो.